संध्याकाळीच थांबलेलं गाव

आमच्याकडं कुणी गोष्ट सांगायला बसलं की ऐकणाऱ्यांपैकी एकानं हुंकार द्यायचा असतो. सांगणारा दम घेतो तिथं "हं" म्हणायचं. हुंकार थांबला की गोष्टही थांबते, मग राजा नदीत अर्धा बुडालेला का असेना. लहानपणी हे काम माझ्याकडं होतं, कारण बाकीची पोरं लवकर पेंगायची. पुढं लातूरला डॉक्टरकीच्या क्लासमध्ये दोन वर्षं घातली. डॉक्टर होणं राहिलं बाजूला, पण हॉस्टेलातल्या एका मुलीच्या लॅपटॉपवर मी पहिल्यांदा असा गेम खेळले, ज्यात कुणाला मारायचं नव्हतं. एक बाई बंद पडलेल्या स्टेशनावर उतरते आणि तिला घरी पोचवायचं, एवढंच. बटण दाबलं नाही तर ती तशीच उभी राहायची. मला एकदम ओळखीचं वाटलं. हा हुंकारच होता, फक्त तोंडाऐवजी बोटानं द्यायचा.

आता मी नांदेडला एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. आमच्या पोरांना गेम म्हटलं की बंदूक दिसते. गेम हीसुद्धा गोष्ट सांगायची एक रीत आहे, असं मी एकदा वर्गात म्हणाले, तर एकानं मलाच समजावलं, "मॅडम, स्टोरी तर स्किप करायची असते." त्याला वर्गाबाहेर काढायची फार इच्छा झाली. त्याच चिडीतून मी ठरवलं की आपल्या मुलखातला एक गेम करायचा आणि त्यात स्किप करता येईल असं काहीच ठेवायचं नाही. विषय शोधायला लांब जावं लागलं नाही. जावं लागलं असतं तर बरं झालं असतं.

माझं गाव औसा तालुक्यात आहे. म्हणायला एक, खरं तर दोन. जुनं गाव भूकंपात एका पहाटे पडलं. नवं गाव नंतर थोड्या अंतरावर माळावर बांधलं गेलं, सरळ ओळींत, एकासारखं एक घर. जुन्या जागी आता वेड्या बाभळी माजल्यात, आत शिरलं की जोती आणि दगडांचे ढीग लागतात. मी नव्या गावात जन्मले. भूकंपाआधी माझ्या वडिलांचा, म्हणजे अप्पांचा, वेगळा संसार होता. बायको आणि चार वर्षांची मुलगी. त्या दोघी घरात झोपल्या होत्या, त्या गेल्या. अप्पा शेतात राखणीला होते, ते राहिले. पुढं त्यांनी माझ्या आईशी लग्न केलं आणि मग मी झाले. हे सगळं मला पाहुण्यारावळ्यांकडून कळलं. अप्पांनी त्या दोघींबद्दल कधी चकार शब्द काढला नाही.

आईच्या गळ्यात मात्र थोरलीचा टाक आहे. बिजवराला दिलेल्या बाईनं पहिलीच्या नावाचा चांदीचा टाक गळ्यात बाळगायचा, सणाला पहिला नैवेद्य तिला दाखवायचा, नवं लुगडंही आधी तिच्यापुढं ठेवायचं, असा आमच्यातला रिवाज. आईनं तो कधी मोडला नाही. मला लहानपणी वाटायचं की घरात आम्ही पाचजण आहोत, त्यातल्या दोघी दिसत नाहीत एवढंच.

आमच्या भागात अजूनही मधूनच जमिनीच्या पोटातून गुरगुरल्यासारखा आवाज येतो. फळीवरची भांडी थरथरतात, माणसं हातातलं काम टाकून बाहेर येतात, जराशी एकमेकांकडं बघत उभी राहतात आणि परत आत जातात. घराघरापुढं पत्र्याचं शेड आहे. मागं स्लॅबचं चांगलं घर असलं तरी जुनी माणसं निजायला शेडमध्येच येतात. अप्पांचीही बाज तिथंच असते, थंडीत, पावसात, कायम.

तर मी त्या जुन्या गावाचा गेम करायला घेतला. बाभळींत काटे खात हिंडून जोती मोजली, म्हाताऱ्या बायांना विचारून घरं लावली. दगडमातीच्या जाड भिंती आणि लाकडांवर हातभर माती थापलेलं माळवद, अशी ती घरं. उन्हाळ्यात गार, पडली की वैरी. गेममधला दिवस गणपती बोळवायचा आणि वेळ संध्याकाळची. आपण एक माणूस. गावभर फिरायचं, दारं उघडायची, माणसांशी बोलायचं, बैलांना पाणी दाखवायचं, आणि शेवटी घरी यायचं; ते घर मी अप्पांचं घेतलं होतं. घरापुढच्या अंगणात एक छोटी मुलगी खेळता खेळता झोपलेली असते. तिला उचलून आत न्यायचं. तिची आई मागोमाग आत जाते. मग कडी लागते, माणूस शेताकडं निघतो आणि रात्र होते. मुलीला आत नेल्याशिवाय रात्र होत नाही, असं मी ठेवलं होतं.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हा पोरं अंगणातच निजायची आणि मोठी माणसं त्यांना उचलून आत न्यायची, एवढं बायांच्या बोलण्यात येऊन गेलं होतं. मला ते आवडलं. खेळणाऱ्यानं स्वतःच्या हातानं उचललं की पुढं जे होईल ते त्याला लागेल, नुसतं बघितल्यानं लागत नाही. कारागिरी म्हणून फार चांगलं जमलं होतं आणि मी स्वतःवर खूश होते. रात्री होणाऱ्या भूकंपाच्या आवाजासाठी मी घरचं जातं ओढून रेकॉर्ड केलं आणि तो आवाज खूप संथ केला. ऐकून माझ्याच अंगावर काटा आला, तेव्हा तर पाठच थोपटून घेतली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत लॅपटॉप घेऊन घरी आले आणि शेडमध्ये अप्पांपुढं ठेवला. वाटलं, बघतील आणि उठून जातील. त्यांनी चष्मा लावला. मी बाण दाखवले, दार उघडायचं बटण दाखवलं. ते म्हणाले, "म्हंजे मी हं म्हणल्याबिगर ते पुढं सरकायचं न्हाई." एवढं झटपट माझ्या एकाही विद्यार्थ्याला कळलेलं नाही. ते पारापासून निघाले, वेशीत आले, आणि बोलू लागले. ह्या घराचं दार उगवतीला होतं. इथं लिंब होता, त्याला पोरं लोंबकाळायची. हौद एवढा मोठा नव्हता, तू शहरातला केलास. जन्मभर मुका राहिलेला माणूस माझ्या चुका काढता काढता घडाघडा बोलत होता आणि मी खाली मान घालून दुरुस्त्या करत होते. इतका आनंद मला कॉलेजच्या नोकरीची ऑर्डर आली तेव्हाही झाला नव्हता.

स्वतःच्या घरापुढं आल्यावर अंगणातली मुलगी दिसली आणि त्यांनी बोटं काढून घेतली. डोळे दुखायला लागले म्हणाले. मला ते खरं वाटलं.

मग गाव जमायला लागलं. दुपारची कामं आटपली की जुनी माणसं शेडमध्ये येऊन बसायची, अप्पा बाण दाबायचे आणि बाकीचे वाट सांगायचे. आमच्या घराकडं घे. आता डावीकडं. थांब, थांब, इथं माझी मावशी बसायची. बाया तोंडाला पदर लावून बघायच्या. कुणी नारळही आणला होता, तो कुठं फोडायचा यावर बरीच चर्चा झाली. एका म्हातारीनं तिच्या घराचं दार उघडायला लावलं. आत मी कुणालाच ठेवलं नव्हतं. तिनं विचारलं, समदे कुठं गेले? मी म्हणाले, अजून करायचे आहेत. ती बराच वेळ त्या रिकाम्या खोलीकडं बघत बसली आणि परत काही आली नाही. मी मनात म्हणाले, बघा, ही ताकद आहे या माध्यमाची. माध्यम हा शब्द तेव्हा माझ्या तोंडात फार असायचा.

एक दिवस तालमीतले एक जुने पैलवान मागं बसले होते. त्यांनी शांतपणे विचारलं, ह्यात रात व्हते का? मी सांगितलं, होते, त्या पोरीला उचलून आत नेलं की होते.  मग एकेकानं चपला पायात घातल्या. जाताना कुणी माझ्याकडं बघितलं नाही. त्या दिवसानंतर गेम बघायला आमच्या शेडमध्ये कुणी आलं नाही. लॅपटॉप अप्पांसाठी ठेवून मी नांदेडला गेले. मला वाटलं, लोकांना लागलं म्हणजे चांगलं झालंय.

पेरण्या झाल्यावर आईचा फोन आला. तिचा फोन म्हणजे दोन वाक्यं. या वेळी ती थांबेना. अप्पा सकाळी शेडमध्ये बसतात ते जेवायलाही उठत नाहीत. सोयाबीनवर अळी पडली, फवारणी शेजाऱ्यानं केली. चुलत्याच्या मातीला गेले नाहीत. पारावर बसत नाहीत. औशाचा बाजार आईनं एकटीनं केला. आणि परवा जमिनीतून आवाज आला, सगळं गाव बाहेर पळालं, हे तिथंच बसून होते, वरचा पत्रा वाजत असताना. शेवटी ती म्हणाली, "इतकी वर्सं तिला गळ्यात घालून हिंडले, कधी वाईट वाटलं न्हाई. आता ती पडद्यावर दिसायलीय अन् तुझा बाप तिच्याच मागं. त्याला त्या डब्ब्यातून भायेर काढ. न्हाईतर मला तरी सांग, मी काय करू."

मी पहिल्या गाडीनं निघाले. नांदेड ते लातूर खिडकीतून नुसतं सोयाबीन बघत आले आणि पुढं औशाच्या गाडीत तर मला भीतीच वाटायला लागली. अप्पा खुळे होतील, असं नीट शब्दांत त्या प्रवासात पहिल्यांदा मनात आलं. घरातल्या खुळ्या माणसाचं काय करतात ते मी गावात पाहिलेलं आहे.

ते वाळले होते. दाढी वाढलेली. मला बघून "आलीस का बाई" म्हणाले आणि परत पडद्याकडं वळले. मी मागं बसून पाहिलं. ते गाव फिरत होते. पाराला वळसा, हौद, बैल, तालीम, माणसांशी तीच ती बोलणी. आपलं घर आलं की अंगणाच्या कडेला थांबायचे. आत चूल दिसायची, चुलीपुढं ती बाई. अंगणात मुलगी निजलेली. मग ते माणसाला मागं वळवायचे आणि परत वेशीकडं न्यायचे. त्या गावात संध्याकाळ सरतच नव्हती, आणि ती सरू न देणं हे त्यांनी कामासारखं अंगावर घेतलं होतं. माझा गेम मी जसा सांगायला निघाले होते तसा त्यांनी ऐकायला नकार दिला होता. मला त्या चार वर्षांच्या पोरीचा हेवा वाटला. लाज वाटावी असा, पण वाटला. माझ्यासाठी हा माणूस कधी कॉलेजच्या गेटापर्यंत आला नाही.

मी म्हणाले, अप्पा, हे पुरे करा, नाहीतर मी पुसून टाकते. त्यांनी मान वळवली.

"उचलून आत न्यायचं हे तुला कुणी सांगितलं?"

कुणी नाही, मीच ठरवलं, असं मी म्हणाले. त्यांनी लॅपटॉप बाजूला सरकवला. मला वाटलं मारतात की काय, जन्मात त्यांनी मला हात लावला नव्हता तरी.

मग त्यांनी सांगितलं. गणपती बोळवून ते आले तेव्हा पोरगी अंगणात वाकळेवर झोपली होती. तिची आई म्हणाली, राहू द्या, उकाडा आहे, मीही इथंच पडते. ते म्हणाले, दव पडतंय, खोकला धरेल. पोरीला खांद्यावर घेतलं, आत नेऊन निजवलं, ती बाई उठून मागोमाग आत गेली. बाहेरून कडी ओढून घेतली आणि शेतात गेले. गावात ज्यांच्या वाकळा त्या रात्री अंगणात होत्या, त्यांतले बरेच जगले. एवढं बोलून ते थांबले.  

मग त्यांनी विचारलं, "त्या दोघींच्या वाकळा भायेर टाकता येतील का? तुला येतं ना ते करायला?"

येत होतं. फार अवघड नव्हतं. मी तिथंच शेडमध्ये मांडी घालून कामाला लागले आणि मला हुशारीच वाटत होती, की चला, वाट सापडली. दोघींना अंगणात झोपवायचं, आपण शेतात जायचं, रात्र होऊ द्यायची, घर पडेल, त्या वाचतील. एकदा अप्पांना सकाळ झालेली दिसली की ते तिथून सुटतील. एक सकाळही मी करून टाकली. ऊन येतं, दोघी वाकळेवर उठून बसतात. त्यापुढं काही केलं नव्हतं.

आई शेडच्या तोंडाशी उडीद पाखडत बसली होती. काय चाललंय म्हणून तिनं विचारलं. मी सांगितलं. तिचं सूप चालूच होतं.

"म्हंजे त्या दोघी ऱ्हातील."

"हो. गेममध्ये."

"मग मी इथं काय करायलेय?"

ती चिडली नव्हती. खरंच विचारत होती. आणि माझे हात थांबले. त्या जगल्या असत्या तर आईला कुणी या घरात दिलंच नसतं. रेणापूरकडच्या कुठल्या तरी घरात ती सून झाली असती, तिला दुसरी कुणी लेकरं झाली असती. मी नसतेच. एक अट बदलली की तिच्या खालचं सगळं बदलतं, हे मी कॉलेजात पोरांना फळ्यावर लिहून शिकवते. आणि इथं बसून, मोठ्या हौसेनं, आम्हा दोघींना पुसत होते. अप्पांची पाठ आमच्याकडं होती. त्यांनी ऐकलं का नाही, ते मला कळलं नाही.

पण आता थांबवणं माझ्या हातात नव्हतं. मी लॅपटॉप त्यांच्यापुढं सरकवला आणि कसं करायचं ते सांगितलं.

ते या वेळी गावभर फिरले नाहीत, थेट घरी आले. चुलीजवळच्या बाईला बोलावलं, ती बाहेर आली. वाकळ टाकली. ती पोरीच्या शेजारी आडवी झाली. आता फक्त शेताकडं पाऊल टाकायचं होतं, की रात्र. अप्पांचं बोट बटणावर होतं. दुपार टळत आली होती, पत्रा तापून कुडकुड वाजत होता. आईनं सूप खाली ठेवलं. मी मनात म्हणत होते, दाबा, एकदाचं दाबा. आणि त्याच वेळी ते दाबू नयेत असंही वाटत होतं, कारण ते दाबतील याची मला खात्री होती.

अप्पांनी मान वळवली. आईकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं, सावकाश, अनोळखी माणसाला बघावं तसं, कपाळापासून पायापर्यंत.

मग त्यांनी पडद्यावरच्या माणसाला मागं फिरवलं. तो वाकळेजवळ गेला. त्यानं मुलीला उचललं. खांद्यावर घेतलं. बाई उठून मागोमाग आत गेली, तसं मीच ठेवलं होतं. कडी लागली. माणूस शेताकडं चालायला लागला आणि अंधार झाला. काळ्या पडद्यातून जात्याचा तो आवाज आला, संथ, मग वाढत गेला. मी उठून तो बंद करायला हात पुढं केला, तर अप्पांनी माझं मनगट धरलं. शेवटपर्यंत त्यांनी ते ऐकलं. सगळं शांत झाल्यावरसुद्धा माझं मनगट त्यांनी सोडलं नाही, त्यांची बोटं दुखेल इतकी घट्ट होती.

"तवा मला ठाऊक नव्हतं," ते म्हणाले. "आता ठाऊक असून नेलं."